खाजणातला ग्रह

मीराच्या माहेरी आजवर कुणी पिक्चर काढला नव्हता. काढायचं सोडा, तिच्या भावाने, सदानंदने, जन्मात पाहिलेले पिक्चर बोटांवर मोजता आले असते, आणि त्यातल्या निम्म्यांत तो झोपलेला होता. अशा माणसाच्या पोराने, विघ्नेशने, अंतराळाचा पिक्चर काढला, तोही मराठीत, म्हटल्यावर नायगावच्या खाडीकाठच्या अख्ख्या गावाची छाती फुगली. सदानंद तेवढा हे बघायला उरला नव्हता. बाकी सगळं गणगोत वसईच्या थिएटरात पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला हजर झालं, लग्नाला यावं तसं नटूनथटून. एका मावशीने तर विघ्नेशला ओवाळायला निरांजन आणलं होतं. गेटवरच्या माणसाने ते आत नेऊ दिलं नाही, म्हणून ती मध्यंतरापर्यंत रुसून बसली.

मीरा एव्हरशाईन सिटीतून सून ज्ञानदाला घेऊन आली होती. लग्न होऊन ती देशावरच्या घरात पडली, त्याला आता तीस वर्षं व्हायला आली. पहिल्याच दिवाळीत तिने 'पानी' म्हटलं आणि नणंदा पोट धरधरून हसल्या. त्या दिवसापासून बाईने भाषेला अशी इस्त्री मारली, की आज सोसायटीच्या हळदीकुंकवाला निवेदन तिचंच असतं आणि 'ण' तर असा खणखणीत, की समोरच्याला आपलाच उच्चार तपासावासा वाटावा. माहेरी गेली तरी ती पाणीच पिते. वहिनी म्हणजे विघ्नेशची आई, ती मात्र होती तिथेच राहिली. वसईच्या होळी भागातल्या बाजारात भाजी विकायची, बोलायचं ते घरचंच, आणि ते कुणाला कळलं नाही तर कळलं नाही. थिएटरात वहिनी मीराच्या शेजारीच बसली होती, नवी साडी सारखी गुडघ्यांवर चापून बसवत.

पिक्चर सुरू झाला आणि लोकांच्या लक्षात आलं, की हे प्रकरण जड आहे. एक बाई, एकटी, यानात. तिच्याशी बोलायला कुणी नाही, पृथ्वीवरून निरोप येतो तोही तुटक. अर्धा तास झाला तरी गाणं नाही. पुढच्या रांगेतल्या मावशीने विचारलं की हिला जेवायला कोण घालतं. मध्यंतरात समोसे खाता खाता चुलतभाऊ अल्पेशने निकाल दिला, की बजेट कमी पडलेलं दिसतंय, दुसरा माणूस घ्यायला परवडलं नसणार. मीरालाही ओ की ठो कळलं नव्हतं, पण तिने ज्ञानदाला सांगितलं की पिक्चरला डेप्थ आहे. वहिनीने समोसा रुमालात बांधून ठेवला, विघ्नेशसाठी.

मध्यंतरानंतर यान बिघडलं आणि ती बाई एका मेलेल्या ग्रहावर उतरली. वर काळंभोर आकाश, त्यात दोन चंद्र, खाली पांढरी, भेगाळलेली जमीन, नजर जाईल तिथवर. बाई चालत राहिली. मग गुडघ्यांवर बसली, हातमोजा काढला आणि उघडा तळवा जमिनीवर टेकवला. संगीत नाही, श्वासाचाही आवाज नाही. त्या शांततेसाठी विघ्नेश निर्मात्याशी महिनाभर भांडला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याने बाजी मारली होती. पॉपकॉर्नची पाकिटं गप्प झाली, मावशी गप्प झाली, अल्पेशने फोन उलटा ठेवला.

मीराने पाहिलं, जमिनीच्या कडेने एक बांध वळत गेला होता. वळणावर दोन दगडी खांब उभे होते, उजवीकडचा किंचित कललेला. ती उघाडी होती. भरतीचं पाणी अडवायची, ओहोटीला सोडायची दारं बसवलेली असतात ती. आकाश काळं करून त्यात दोन चंद्र टांगले, पण खांब पोराने हलवले नव्हते. हे त्यांचंच खाजण होतं, खाडीलगतचं भाताचं खारं शेत. बांध फुटला, भरती आत शिरली ती शिरलीच, मिठाने जमीन पांढरी पडली, आणि सदानंदने तिथे पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही. ती जमीन आता दोन चंद्रांखाली पडली होती आणि एक बाई तिच्यावर हात ठेवून बसली होती. मीराचा ऊर भरून आला. तिचं तोंड उघडलं, आणि तीस वर्षांची इस्त्री एका झटक्यात मोडली.

"अगो, यो त आपला खाजन."

आनंदाने बोलली हो ती. रस्त्यात अचानक माहेरचं माणूस भेटावं तशी बोलली. पण थिएटर शांत होतं आणि मीराचा आवाज निवेदनाचा, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे इतका वेळ ही बाई नायगावलाच होती?"

थिएटर फुटलं. लोक इतका वेळ श्वास धरून बसले होते, तो सगळा हसण्यातून बाहेर पडला. माना वळल्या, ही कोण गावठी बाई म्हणून शोधू लागल्या. पुढे जे झालं ते मीराने ठरवून केलं असं नाही, पण केलं तिनेच. तिने तोंडावर हात धरला, शेजारी वळली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ, खणखणीत मराठीत म्हणाली, "अहो वहिनी, काय हे!" आणि हसली.

वहिनीला तिने आयुष्यात कधी 'अहो' म्हटलं नव्हतं. वहिनीने पडद्याच्या पांढऱ्या उजेडात तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मान समोर केली.

त्यानंतर पिक्चर संपलाच म्हणायचा. पडद्यावरची बाई रडली, लोक हसले. बाईने आकाशाकडे हात केला, तर कुणीतरी तिला शेअर रिक्षा बघायला सांगितली. दिवे लागल्यावर नातेवाइकांनी गरजेपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. विघ्नेश दाराशी उभा होता. सगळे आलात, बरं वाटलं, असं तो प्रत्येकाला म्हणत होता आणि बघत होता जमिनीकडे. वहिनीने समोशाचा रुमाल पुढे केला. तो घेतला नाही त्याने.

थिएटरात एका शहाण्याने तो प्रसंग फोनवर उतरवून घेतला होता. दोन दिवसांत ती क्लिप विरारपासून पुण्यापर्यंत पोचली. ग्रहावर हात टेकवलेली बाई, मग 'यो त आपला खाजन', मग हशा, मग 'अहो वहिनी, काय हे'. नालासोपाऱ्याची पोरं टोळीटोळीने पिक्चरला जाऊ लागली, ती त्या एका जागेची वाट बघत बसायची आणि जागा आली की कोरसमध्ये ओरडायची. थिएटरवाल्याने खेळ वाढवले. पुण्याच्या एका पेपरात त्या शांततेवर चार चांगल्या ओळी छापून आल्या होत्या. पुढच्या रविवारी तिथल्या थिएटरातही कुणीतरी ओरडलं. अल्पेश भेटेल त्याला सांगत सुटला, की वहिनीने पोराचा पिक्चर तारला. मीरासमोरही त्याने हे म्हटलं, आणि मीरा म्हणाली, हो ना.

ज्ञानदाला त्या क्लिपचं भारी कौतुक. तिने सासूला विचारलं, की त्यातलं 'अहो वहिनी' तुमचंच ना, किती गोड आलंय. मीराच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. दुपारी घरात कुणी नसताना तिने आवाज बारीक करून क्लिप ऐकली. एकदा, मग पुन्हा. दोन्ही वाक्यं एकाच गळ्यातून आलेली होती, बहिऱ्यालाही कळावं इतकी. आणि जगात एकालाही कळलं नव्हतं, कारण गावठी बोलणारी आणि शुद्ध बोलणारी बाई एकच असेल, असं कुणाच्या मनातच येत नव्हतं. विघ्नेशला आलं असतं, पण तो ती क्लिप ऐकत नव्हता. कुणी लावली की उठून जायचा.

मग अल्पेशकडूनच कळलं, की विघ्नेश आईशी बोलत नाही. त्या रात्री दोघांत काहीतरी झालं आणि तो मित्राकडे विरारला जाऊन राहिला. अल्पेशला यात विशेष वाटलं नाही, कलाकार माणसं अशीच असतात म्हणाला. मीराला मात्र त्याचा अर्थ लगेच कळला. आपण लेकाला आईपासून तोडलं, आणि कशासाठी, तर चार अनोळखी माणसांनी मान वळवली म्हणून. तिला स्वतःची किळस आली. रोज ती ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज सोसायटीतली कुणीतरी भेटून 'तुमच्या त्या वहिनी कित्ती मजेशीर हो' म्हणायची, आणि मीरा हसायची.

शेवटी एका सकाळी ती उठली आणि होळीचा बाजार गाठला. वहिनी नेहमीच्या जागी मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. समोर कॉलेजची दोन पोरं फोन धरून उभी होती. त्यांनी सांगितलं तसं वहिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला, फोनकडे पाहिलं आणि ते वाक्य बोलून दाखवलं. पोरं खूश झाली. वहिनीने त्यांना विचारलं, पिक्चर बघितला काय. नाय, म्हणाली पोरं. मग बघा, तिने दटावलं, माझ्या पोराचा हाय.

पोरं गेल्यावर मीरा तिच्या शेजारी गोणपाटावर बसली. साडीला चिखल लागला, तिने बघितलं नाही.

"वहिनी, ते मी बोलले होते. आणि ढकललं तुझ्यावर."

"मना ठाव हाय. बाजूलाच बसलेली ना मी." वहिनीचे हात जुडी बांधतच होते. "खाजन तं मी पयल्या नजरेलाच वळखला. म्हनून तं गप व्हते."

मीराच्या आता ध्यानात आलं. आपल्याला जे ओळखून तोंड आवरलं नाही, तेच ओळखून ही बाई गप्प बसली होती. तिचं तर त्या जमिनीत आयुष्य गेलं होतं, नवरा त्या जमिनीच्या नावाने झुरला होता. इतके दिवस हे सगळं का सोसलंस, असं मीराने विचारलं. वहिनी म्हणाली, तुला सोसायटीत राहायचंय, लोक हसले की तुला लागतं. मला कोण हसणार, मी तर रोज असंच बोलते. हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं मीराला वाटलं.

मग वहिनीने खालच्या आवाजात सांगितलं, की विघ्नेश काल घरी आला. पोटभर जेवला, आणि हात धुताना म्हणाला, जाऊ दे आई, झालं ते झालं. तेवढंच बोलला, पण त्याला किती जड गेलं ते तिने बघितलं होतं.

"आता तू त्याला काय सांगू नको, मीरा. त्याने मला माफ केलाय. मिटलाय."

"पण चूक तुझी नव्हतीच."

"नसूं दे. माझा शब्द राख."

मीराने मान हलवली. खरंच राखणार होती ती. पण तेवढ्यात विघ्नेशची स्कूटर येऊन थांबली. आईचा चहा घेऊन आला होता. दाढी वाढली होती, पण चेहरा मोकळा होता. आत्याला बघून हसला. थिएटरवाल्याने आणखी एक आठवडा दिलाय, असं सांगितलं, आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की आत्या, पुढच्या पिक्चरला हिला आणशील तेव्हा आधी तोंडाला कुलूप लाव. वहिनी हसली. आता पोर चेष्टा करतंय यातच तिला सगळं मिळालं होतं. पण तो हात, ते हसू, आणि त्या हसण्याखाली आपण लपलो आहोत, हे मीराला क्षणभरही सोसवेना. छातीवरचा दगड कसाही करून खाली टाकायचा, एवढंच तिला कळत होतं.

"विघ्नेश, ती नव्हती रे," ती म्हणाली. "मी होते. दोन्ही वाक्यं माझीच."

विघ्नेशने आधी मान डोलावली, चेष्टाच चालली आहे असं समजून. मग तो आत्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि त्याला तो आवाज ओळखू आला. मीरा वाट बघत होती, हा आता ओरडेल, चार लोकांत बोलेल, आणि तिला ते हवं होतं. पण तो आईकडे वळला.

"आई, त्या रात्री मी तुला काय बोललो." तो म्हणाला. "बाबा गेले ते सुटले, तू कशाला मागे राहिलीस म्हणालो. आणि तू ऐकून घेतलंस."

"रागात माणूस बोलतो." वहिनी पटकन म्हणाली. "मी इसरले सुद्धा. चाय थंड होते, ओत."

त्याने चहा ओतला नाही. तो रिकाम्या क्रेटवर बसला, दोन्ही हातांत डोकं धरून, आणि भर बाजारात लहान पोरासारखा रडू लागला. माफ करणारा म्हणून आला होता, आता त्याला माफी मागायलाही तोंड उरलं नव्हतं. एक गिऱ्हाईक जुडी उचलता उचलता थांबलं आणि पुढच्या भाजीवालीकडे गेलं.

वहिनीने लेकाच्या पाठीवर हात ठेवला. मग मीराकडे बघितलं, थिएटरात बघितलं नव्हतं तेवढा वेळ.

"तू मोकली झालीस," ती म्हणाली. "आता याला कोन मोकला करनार?"