राहीबाईंची समई

मशाल विझली ती मानकोली नाक्यावर, नेत्राच्या हातात.

रायगडाच्या माथ्यावर आदल्या दुपारी पेटवलेली शिवज्योत दिघाशीची मुले आळीपाळीने धावत आणीत होती, मागून टेम्पो. शिवजयंतीच्या सकाळी, अकरा वाजता, गाव वेशीवर उभे राहणार होते. यंदा, २००७ साली, मशाल प्रथमच एका मुलीला धरू दिली होती. हात बदलला की तेल घालायचे, हा नियम. पण काल्हेरला राहीबाई नावाच्या म्हातारीने वाट अडवून आपली समई मशालीवर पेटवून घेतली, आणि त्या गडबडीत नेत्रा तेल विसरली.

"घ्या! पोरीच्या हातात दिली ना?" तिचा चुलतभाऊ रघू टेम्पोतून उतरला. "सागर, काडी दे. आग ती आग. कोनाला कळतंय?"

"मग रायगडापर्यंत कशाला गेलो, दादा? दिघाशीतच ओढायची काडी," नेत्रा म्हणाली.

सोबत धावणाऱ्या सागरने काढलेली काडेपेटी खिशात परत ठेवली. नेत्रा कॉलेजात इतिहास शिकत होती. गडावर तिनेच सगळ्यांना फिरवले होते. इथे राजांचा अभिषेक झाला, गड मोगलांनी घेतला, मराठ्यांनी परत मिळवला, शेवटी इंग्रजांच्या तोफांनी राजवाडे जळाले. उरले ते चौथरे. तिथून आणण्यासारखी होती ती एवढी ज्योतच.

"समई," ती एकदम म्हणाली. "काल्हेरची समई!"

"तासभर होईल आता. वाऱ्याने कधीच गेली असेल," रघू पुटपुटला, तरी टेम्पो वळवला.

गोदामांच्या रांगेमागे राहीबाईंचे नवे घर होते. दार लोटलेले, खिडक्या बंद. आत कोंदट उकाडा. म्हातारी पदराने कपाळ टिपत जमिनीवर बसली होती, आणि तिच्यापुढे समई शांत जळत होती.

 नेत्रा समईपुढेच बसली.

"पंखासुद्धा लावला न्हाय," राहीबाई म्हणाल्या. "राजाच्या गडावरची आग घरात आली हाय, बाय. वाऱ्यावर सोडू?"

मशाल पेटली. रघूने तेलाची बाटली नेत्रापुढे धरली. निघताना तो उंबऱ्यात थबकला.

"मावशी, आता तरी पंखा लावा."

"तुमचा काय भरोसा?" राहीबाई हसल्या. "गावात पोचलात की फोन कर. मग लावते."