रिकाम्या हातातला बूट

बाईंनी नसलेला बूट डाव्या हातात धरला आणि नसलेला ब्रश त्यावरून सावकाश फिरवला. तिसरीच्या वर्गातली मुलं त्या रिकाम्या हाताकडे टक लावून बघत होती.

"आधी टाच," बाई म्हणाल्या. "मग पुढचं टोक. मग फुंकर."

पहिल्या बाकावरच्या दोघांनी नकळत फुंकर मारली. मागे खुर्च्यांवर मोठ्या बाई आणि प्रशिक्षक बसले होते. प्रशिक्षकांच्या मांडीवर गुणांचा कागद होता आणि त्यांचं पेन चक्क थांबलं होतं.

आधीच्या दोन परीक्षांत ते पेन थांबायला तयार नव्हतं. हातात पुस्तक नसलं की बाईंची गोष्ट हजेरी घेतल्यासारखी होई. शाळेत कायम व्हायचं तर तोंडी गोष्ट सांगता यायलाच हवी होती, आणि ही शेवटची संधी होती. "पऱ्या-राक्षस सोडा," प्रशिक्षकांनी बजावलं होतं. "कुणाच्या तरी घरातलं खरं काही घ्या. तपशील जिवंत हवा."

तपशील बाईंकडे होता. पालकसभेनंतर पिटुकलीची आई मागे थांबून रडली होती. नवरा चार दिवसांत येतो म्हणून गेला, त्याला आठ महिने झाले. मुलगी अजून त्याचे बूट पुसून दाराशी ठेवते. पिटुकली याच वर्गातली, म्हणून बाईंनी दुसरी एक गोष्टही घोकून ठेवली होती. पण सकाळच्या हजेरीत पिटुकली गैरहजर निघाली आणि बाईंना मोह आवरला नाही. तपकिरी बूट त्यांनी गोष्टीत काळे केले. तेवढ्यावर त्यांचं मन निर्धास्त झालं, याचा त्यांना नंतर फार राग आला.

"बूट चकचकीत झाले," बाई म्हणाल्या, "आणि मुलीने ते दाराशी..."

मागच्या दारातून पिटुकली आत येत होती. दाताच्या डॉक्टरकडून आलेली, एक गाल सुजलेला. ती पावलं न वाजवता आपल्या जागी बसली आणि वर बघू लागली.

बाईंचा हात हवेत तसाच राहिला.

"दाराशी ठेवले," त्यांनी वाक्य पुरं केलं. "टोकं आतल्या बाजूला करून. म्हणजे आलेल्या माणसाने नुकतेच काढल्यासारखे."

हेही त्या आईनेच सांगितलं होतं. पिटुकलीची मान खाली गेली. तिच्या शेजारी बसणारी, तिच्या घरी नेहमी खेळायला जाणारी मैत्रीण, हळूहळू तिच्याकडे वळली. मग तिने हात वर केला. प्रशिक्षक कौतुकाने पुढे झुकले.

"बाई, ही मुलगी कोण आहे? मला माहितीये वाटतं."

दोन-तीन माना मैत्रिणीच्या नजरेमागे वळू लागल्या. पिटुकलीने बाकाची कड घट्ट धरली होती.

"मी," बाई म्हणाल्या.

सगळ्या माना परत पुढे आल्या.

"ती मुलगी म्हणजे मी. माझे बाबा असेच गेले. मी तिसरीत होते."

"मग आले का परत?" कुणीतरी विचारलं.

"नाही."

मग पिटुकलीने सुजलेल्या गालाने, अडखळत विचारलं, "तुम्ही अजून पुसता?"

"पुसते."

"दर रविवारी?"

रविवारचं बाईंनी सांगितलंच नव्हतं.

"दर रविवारी," त्या म्हणाल्या.

घंटा झाल्यावर मोठ्या बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. प्रशिक्षकांनी चष्मा पुसला. "इतकं खरं आजवर कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले, आणि कागदावर सही केली. बाईंना आभार मानावे लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळा सुटली तेव्हा पिटुकली त्यांची दोन बोटं धरून चालू लागली. ती काही विचारत नव्हती, पण बोटं सोडतही नव्हती. फाटकापाशी स्कूटरवर एक म्हातारा माणूस बसला होता. बाईंना बघताच त्याने हात हलवला. नोकरी लागल्यापासून तो रोज असाच न्यायला येई. "ठमे, बस लवकर" याशिवाय त्याने कधी हाक मारली नव्हती. आता तीच हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

"हे कोण?" पिटुकलीने विचारलं.

"हे मामा आहेत," बाई घाईघाईने म्हणाल्या. "स्कूटरवाले. रोज मला घरी सोडतात."

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने लेकीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं. मग ती दोन बोटं गच्च धरलेली छोटी मूठ बघितली, आणि तो स्कूटरवरून उतरला. मागची सीट त्याने रुमालाने झटकली.

"बसा बाई," तो म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो."