एकाच थेंबातले दोन तुकडे

मी उबेची पेटी बोलतेय. अंग सागवानी, भिंती दुहेरी, पुढे काचेचं दार. एकोणीसशे छप्पन साली शहापूरच्या मंगळू सुताराने मला घडवलं, ते कोंबडीची अंडी उबवायला. दोन फळ्यांमधल्या पोकळीत त्याने भाताचं तूस ठासून भरलं, पोटात वर-खाली दोन कप्पे केले, तळाशी रॉकेलच्या दिव्यासाठी खण ठेवला आणि दिव्याच्या वर पत्र्याचं पाण्याचं भांडं बसवलं. दिवा पाण्याला तापवी, पाणी मला तापवी आणि मी अंड्यांना.

"कोंबडी दाणे टिपायला उठून जाते, ही जायची नाय," मंगळू हात झटकत म्हणाला. माझ्याबद्दल यापेक्षा खरं कुणी काही बोललेलं नाही.

मला मुरबाडच्या पुढे, टोकावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कोंबडीपालन केंद्रात नेलं. केंद्राचे साहेब देसले. साफसफाईला आणि कोंबड्यांना दाणापाणी करायला जवळच्या वाडीवरची ठकी. पहिली पिल्लं माझ्या पोटात कवचं फोडून बाहेर आली तेव्हा सगळं केंद्र माझ्यापुढे उभं होतं. मला फार अभिमान वाटला.

माणसांची एक गंमत मात्र तेव्हाच कळली. जो येई तो "आत ऊब आहे ना?" म्हणून दार उघडून बघे आणि त्या बघण्यातच ऊब घालवून बसे.

मग एक दिवस भागीरथी घुडे आली. डोळखांबकडची मुलगी, मामाकडे कल्याणला राहून शिकलेली, मुंबईच्या एका संशोधन संस्थेत काम करून आलेली. केंद्रात ती देसलेसाहेबांची मदतनीस म्हणून लागली. ती माझ्यापुढे वाकली, काचेतूनच पारा बघितला आणि मागे सरली. दाराला हात लावला नाही. मी मनात म्हटलं, हिचं आणि माझं जमणार.

आठवडाभराने तिने साहेबांकडे माझा खालचा कप्पा मागितला.

"त्यात काय ठेवणार?"

"पेशी वाढवणार, सर. कोंबडीच्या गर्भातला टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा काचेवर एका थेंबात ठेवायचा. ऊब आणि खाद्य मिळालं की तुकड्याभोवती नव्या पेशी पसरतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार."

"पिल्लांना त्रास झाला तर कप्पा बंद," साहेब म्हणाले. तेवढ्यावर तिला माझ्या पोटात जागा मिळाली.

तिची गोष्ट मला हळूहळू कळली. मुंबईत तिचे गुरू होते डॉक्टर नाबर. मोठा माणूस. त्यांचं म्हणणं असं की नीट खाऊपिऊ घातलं तर काचेवरच्या पेशी कधीच मरत नाहीत. म्हातारं होतं ते शरीर, पेशी नव्हे. त्यांच्याकडे एका कोंबडीच्या पेशी कित्येक वर्षं वाढत होत्या. भागीरथीच्या पेशी मात्र काही महिने भराभर वाढत, मग रेंगाळत आणि शेवटी थांबत. प्रत्येक वेळी.

"भागीरथी, तुझ्या हाताला यश नाही," नाबर तिला सगळ्यांदेखत म्हणाले होते. रागाने नाही, कीव करून. पुढच्या वर्षी तिची जागा दुसऱ्याला मिळाली.

तेच काम तिने माझ्या खालच्या कप्प्यात पुन्हा मांडलं. केंद्राचं काम आटोपलं की काचा वाफवायच्या, खोलीत पाणी शिंपडून धूळ बसवायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि मग तुकडा थेंबात ठेवायचा. वाढ झाली की त्यातला तुकडा कापून नव्या थेंबात. खिडकीशी सूक्ष्मदर्शक होता. त्यातून ती बघत बसे आणि स्वतःशीच हसे.

ठकीला राहवेना. "बाय, तुमी म्हातारपनाचा औशद काढताव का?"

"नाय गो ठकी. म्हातारपण सुरू कुठून होतं, ते बघतेय."

"माजा तर गुडघ्यापासून झाला," ठकी म्हणाली. भागीरथी इतकी हसली की तोंडावरचं फडकं सुटलं आणि काच पुन्हा वाफवावी लागली.

पण पेशी इथेही थांबल्या. तिने पाण्याचं भांडं बदलून बघितलं, खाद्य बदलून बघितलं. त्या थांबायच्या त्या थांबल्याच. एका दुपारी ती माझ्या अंगाला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि आपले हात उलटेसुलटे करून बघत राहिली. त्या हातांत काही खोट नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण पेटीला कोण विचारतो?

तेवढ्यात वरच्या कप्प्यात पिल्लांनी कलकलाट केला. ती उठली. वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"ऊब एक, पाणी एक," ती मोठ्याने म्हणाली. "वरची वाढतायत, खालच्या थांबल्यात. मग थेंबही एकच केला तर?"

ठकी झाडू धरून ऐकत होती. "म्हंजी?"

"एकाच थेंबात दोन तुकडे ठेवायचे, ठकी. डावीकडे खूप महिने वाढून थकलेल्या पेशींचा, उजवीकडे आजच्या कोवळ्या गर्भातला. माझा हात वाईट असेल, खाद्य वाईट असेल, तर दोन्ही मरतील. आणि एकच थांबला तर मग खोट हाताची नाय."

हे सुचलं आणि त्याच पावसाळ्यात बुरशीने घात केला. जपून ठेवलेल्या थकलेल्या पेशींच्या काचांवर पांढरी लव चढली, एकही वाचली नाही. महिनोन् महिन्यांची मेहनत ठकीने मागच्या खड्ड्यात पुरली. भागीरथी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझं आतलं अंग उकळत्या पाण्याने पुसलं, उन्हात वाळवलं आणि नवं अंडं फोडलं. थकलेल्या पेशी कुणाकडून मागून आणता येत नाहीत. त्या थकेपर्यंत वाढवाव्याच लागतात.

वर्ष सरत आलं तेव्हा तिने एका थेंबात दोन तुकडे ठेवले. उजवीकडचा पसरला. डावीकडचा जागचा हलला नाही. तिने पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं, तेच झालं. मग ती इस्त्रीचं पातळ नेसून मुंबईला गेली. परत आली तेव्हा ठकीने दारातच विचारलं, "काय म्हनला सायेब?"

"मी म्हटलं, माझ्या हातावर विश्वास नाही ना, मग तुमच्या हातानं करा. येतो म्हणाले."

नाबर खरंच आले. उंच, सावकाश बोलणारे. आपल्या काचा, आपलं खाद्य घेऊन आले. कोवळा तुकडा त्यांनीच कापला, थकलेला त्यांनीच उचलला, थेंब त्यांनीच टाकला. काच माझ्या पोटात ठेवून ते भागीरथीला म्हणाले, "आठ दिवस तू या पेटीला हात लावायचा नाहीस."

"नाही लावणार, सर."

तो आठवडा माघातला. माळशेजकडून असा बोचरा वारा येई की खिडकीची झडप वाजत राही. भागीरथी दारात उभी राहून लांबून बघे आणि जाई. दिव्यात रॉकेल घालायचं काम ठकीचं, आणि ऊब राखायचं माझं. मी माझं सगळं सागवान पणाला लावलं. पारा तसूभर हलू दिला नाही.

नाबर परतले. काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डोळा लावला. मग भिंग पुसलं, पुन्हा बघितलं.

"उजवीकडचा छान पसरलाय," शेवटी ते म्हणाले. "डावीकडचा तसाच आहे."

त्यांनी डोळा काढून भागीरथीकडे बघितलं.

"मग माझ्याकडच्या इतकी वर्षं कशा वाढतायत?"

"सर, त्यांना खाद्य म्हणून काय घालता?"

"कोवळ्या गर्भाचा रस. ताजा."

"गाळता कशातून?"

"फडक्यातून."

"फडक्यातून पेशी जातात, सर."

नाबर हळूच स्टुलावर बसले. ठकीने चहा आणून ठेवला होता. त्याच्यावर साय धरली.

"म्हणजे जुन्या पेशी जगत नव्हत्या," ते म्हणाले. "मीच रसाबरोबर नव्या घालत होतो." त्यांनी वर बघितलं. "आता मी लोकांना काय सांगू, भागीरथी?"

"जे बघितलंत ते सांगा."

"सायेब, चाय घ्या," ठकी म्हणाली. "निवली."

त्यांनी तो निवलेला चहा सगळा प्यायला. आणि शास्त्रज्ञांच्या पुढच्या सभेत त्यांनी जे बघितलं तेच सांगितलं, भागीरथीचं नाव घेऊन. काही जणांनी मानलं, काही जणांनी नाही. एक जण म्हणे उठून निघूनच गेला. पण तिला त्या कामावर डॉक्टरेट मिळाली आणि स्वतःची प्रयोगशाळाही. देसलेसाहेबांनी आपल्या हाताने तिच्या ट्रंकेला दोरी बांधली. मला न्यायची तिची फार इच्छा होती. "सरकारी माल आहे, बाई," साहेब म्हणाले, आणि त्यांचंही बरोबर होतं.

आता एकोणीसशे अडुसष्ट उजाडलंय. केंद्रात वीज आलीय, विजेवरची लोखंडी पेटी आलीय. मी पोत्यांच्या खोलीत भिंतीशी असते. पण वीज इकडे आठवड्यातून एकदा तरी रुसतेच. मग धावाधाव होते, दिवा पेटतो आणि सगळी अंडी माझ्याकडे येतात. लोखंडी बाई तोवर गार पडून राहतात.

गेल्या महिन्यात भागीरथी आपल्या विद्यार्थिनींना घेऊन आली होती. कानशिलावर केस पांढरे झालेत. अजून तेच काम करते: पेशी थांबतात त्या नेमक्या कशाने. एका मुलीने मला बघून विचारलं, "बाई, शेवटी त्या थांबतातच, तर मग आपण एवढ्या वर्षांचं आयुष्य त्यात कशाला घालायचं?"

भागीरथीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबायच्या आधी त्या किती वाढतात, ते बघितलंस का?" ती म्हणाली. "आधी ते बघ. मग विचार."

तर मंडळी, माझी एक बिजागरी सैल आहे आणि मागचा डावा पाय वाळवीने धरलाय. वयाला धरून आहे, तक्रार नाही. पाय बदलला तर आणखी पुष्कळ वर्षं मी काम देईन. मला सरपणात घालायची घाई करू नका. एखादा सुतार बोलवा.