इच्छा नसलेला नादकाटा

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा. नावात काटा असला तरी कुणाला टोचत नाही. एक दांडी आणि तिच्यावर सारख्या उंचीच्या दोन भुजा, एवढंच माझं पोलादी शरीर. गुडघ्यावर हलकेच आपटलं की मी थरथरतो आणि एक सूर निघतो. तोच एक. दुसरा मला येत नाही.

एका लहानशा कारखान्यात कारागिराने पोलादाची सळई तापवून वाकवली आणि मग तो कानस घेऊन माझ्यामागे लागला. भुजांचे शेंडे घासले की सूर चढतो, बुंध्याशी घासलं की उतरतो. तो थोडं इकडे घासायचा, थोडं तिकडे, आणि मला कानाशी धरून डोळे मिटायचा. कोणता सूर हवा, हे मला कुणी विचारलं नाही. कानशीने ठरवला आणि मी तो जन्मभर पाळला. लोक कौतुकाने म्हणतात, 'काय इमानी आहे हा!' पण खरं सांगू? त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही.

मी आणि माझ्यासारखाच घासलेला माझा जुळा भाऊ, आम्ही दोघे एका शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. विज्ञान शिकवणाऱ्या बाई चर्चच्या गायनमंडळाच्याही प्रमुख होत्या. सारे त्यांना मावशी म्हणत. रविवारी मी त्यांच्या पिशवीतून चर्चमध्ये जायचो. तिथे वाद्य नव्हतं. मावशी मला गुडघ्यावर आपटायच्या, कानाशी धरायच्या आणि गुणगुणत प्रत्येक रांगेला तिचा सूर द्यायच्या. गीत संपलं की मला पुन्हा वाजवायच्या.

"ऐका! निघालात कुठून आणि पोचलात कुठे? चांगले घसरलात."

"मावशी, वाटेत उतारच होता," मागच्या बाकावरून बेकरीवाला म्हणायचा आणि सगळे हसायचे.

या बेकरीवाल्याच्या भुवयांवर रविवारीसुद्धा मैदा असायचा. आवाज असा खर्जातला, की तो गाऊ लागला की बाकाची फळी थरथरायची. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ बसायचा. तो सुतार होता. मधे मुद्दाम चार माणसं बसवलेली असायची, म्हणजे दोघांची नजरानजर नको. वडील अंथरुणाला खिळले असताना धाकट्याने बेकरी सोडून सुतारकाम धरलं होतं आणि ते थोरल्याला कळलं एका गिऱ्हाइकाकडून. "माझ्या दारात पाऊल टाकू नकोस," तो म्हणाला होता. तेव्हापासून दोघांच्या तोंडाला कुलूप.

मग धाकट्याला मुलगी झाली. तिच्या बाप्तिस्म्याच्या आधी तो मावशींकडे आला.

"दादानं तिचा धर्मपिता व्हावं असं वाटतं. तुम्ही विचाराल?"

धर्मपिता म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी सगळ्यांसमोर उभं राहून बाळाला जन्मभर विश्वासात सांभाळण्याचं वचन देणारा माणूस. आणि वचन दिलं की बाळाच्या घरी जाणंयेणं आलंच.

"तूच विचार की."

"मी विचारलं तर नाही म्हणेल."

"आणि मी विचारलं तर?"

"तरीही नाहीच म्हणेल. पण मला ते ऐकावं लागणार नाही."

मावशींनी कपाळाला हात लावला, पण शाळेत पाव घेऊन आलेल्या बेकरीवाल्याला त्यांनी प्रयोगशाळेत बोलावून सगळं सांगितलं. त्याने पावांची टोपली खाली ठेवली आणि वर छताकडे बोट दाखवलं.

"देवाची इच्छा असेल तर फिरवील माझं मन. माझ्या हातात काय आहे?"

मावशींनी मला आणि माझ्या भावाला आपापल्या पोकळ लाकडी खोक्यावर समोरासमोर उभं केलं. मला वाजवलं आणि लगेच मुठीत धरून गप्प केलं. तरी सूर ऐकू येतच होता. आता तो माझ्या भावातून येत होता. त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं.

"अरे वा! याला म्हणतात आज्ञाधारक," बेकरीवाला म्हणाला.

"आज्ञाधारक कसला? गप्प राहणं त्याला जमतच नाही. तुला जमतं."

"मग देवानं मला असला काटाच का नाही केलं? कटकट मिटली असती."

"मग त्याला गायनमंडळ कशाला लागलं असतं? काट्यांनी भरलेलं एक कपाट पुरलं असतं."

तो खाली बघून हसला, पण हार मानणाऱ्यांतला नव्हता. "मी काय करणार, हे देवाला आधीच ठाऊक आहे ना? मग झालं तर."

"तू तिसऱ्या ओळीत सूर सोडणार, हे मलाही आधीच ठाऊक असतं. म्हणून काय मी तो सोडायला लावते? मी सूर देते. तो दिला नाही तर तुम्हाला सुरुवातच करता येणार नाही, हे खरं. पण तुझ्या गळ्यात शिरून मी गात नाही. देवही शिरत नाही."

त्याने टोपली उचलली. "बघू," म्हणाला आणि गेला.

बाप्तिस्म्याच्या रविवारी मी मावशींच्या हातात होतो. चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "या बाळासाठी कोण उभं राहणार?" धाकटा बाळाला घेऊन निघाला तो थेट मागच्या बाकाकडे, आणि थोरल्यासमोर जाऊन उभा राहिला. ऐकावं लागू नये म्हणून मावशींना पुढे घालणारा हा माणूस!

"दादा," एवढंच तो म्हणाला.

मधली चारही माणसं आपले पाय न्याहाळू लागली. बेकरीवाला उठून उभा राहिला खरा, पण बाळाकडे बघेना. पाळकसाहेब जवळ आले आणि रीतीप्रमाणे त्यांनी प्रश्न केला, "या बाळाला सांभाळावं, अशी तुमची इच्छा आहे का?"

इतक्या वर्षांची सवय! बेकरीवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "देवाची इच्छा!"

"ती मला माहीत आहे," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "मी तुमची विचारतोय."

एरवी सगळे अडखळले की मावशी मला वाजवायच्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या दोन्ही भुजा मुठीत घट्ट आवळल्या. सूर आधीच देऊन झाला होता. आता तिथे दुसऱ्या कुणाचा आवाज नको होता.

बेकरीवाल्याने धाकट्याकडे पाहिलं. तो 'नाही' म्हणू शकला असता. तसं म्हणायचं बळ त्याच्यात पुरेपूर होतं, आणि नेमकं तेच माझ्यात कधीही नव्हतं. त्याने पँटला हात पुसले, बाळाला घेतलं आणि म्हणाला, "आहे. माझी इच्छा आहे." मग धाकट्याकडे न बघताच पुटपुटला, "पोरगी हलकी आहे रे. घरी ये संध्याकाळी. पाव घेऊन जा."

मित्रांनो, माझा भाऊ माझ्या सुराला न चुकता साद द्यायचा. पण ती साद ऐकून मी कधी हेलावलो नाही. त्या दिवशी, मुठीत बंद असूनही, मी थरथरत होतो. का, ते पदार्थविज्ञानाला विचारू नका.

आता मावशी थकल्या आहेत. सूर फोनमधून मिळतो. मी एका खणात पडून असतो, एका भुजेवर गंजाचा ठिपका आहे. कधी ती मुलगी मला बाहेर काढते. ती आता त्याच बाकावर बसते, बाप आणि मोठे बाबा यांच्या मधोमध, आणि तिसऱ्या ओळीला मोठ्या बाबांना कोपर मारते.

माझ्यासारखा कुणी सापडला तर त्याला दगडावर आपटू नका. गुडघ्यावर वाजवा, कोरड्या फडक्याने पुसा. आणि आणखी एक मागणं आहे. कोणता सूर काढायचा, हे मला कुणी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. तुम्हाला विचारतात. तेव्हा छताकडे बोट दाखवू नका, मित्रांनो. उत्तर द्या.