केरूच्या खांद्यातली हवा

शिमग्यात आमच्या गावची पालखी नाचवायला चार खांदे लागतात, आणि कुठला खांदा कुठल्या घराचा हे कधी ठरलं ते कुणाच्या पणजोबालाही आठवत नव्हतं, इतकं ते जुनं आहे. पुढचा डावा केरूच्या घराचा. केरूचे गुडघे गेले, पण मान काही गुडघ्यात नसतो. यंदा मात्र त्याचा पुतण्या संदेश याने डोंबिवलीहून गावकीला फोन केला, की ज्याला नाचवता येत नाही त्याने मान सोडावा. आपला खांदा तयार आहे, जिम लावलेली आहे.

केरूने जेवण सोडलं. संध्याकाळी पिकअप आठवली तेव्हा पुन्हा धरलं.

ही पिकअप त्याच्या वडिलांनी मासळीचा बर्फ वाहायला घेतली होती. आता तिच्या हौद्यात कोंबड्या राहत. केरूने कोंबड्यांना घर सोडायला लावलं आणि गाडी मिरकरवाड्याजवळ जमालच्या गॅरेजात नेली.

"कुवेतला शेखांच्या गाड्यांना हवेचे फुगे लावायचो मी," जमाल म्हणाला. "बटण दाबलं की गाडी उडी मारी. तुमाला कशाला, काका?"

"देव बसवायचाय."

जमालने हातातला पाना खाली ठेवला. "देवाला उडवायचं?"

"नाचवायचं," केरूने दुरुस्ती केली.

गावकीची सभा भरली. उरलेल्या तीन मानकऱ्यांपैकी एकाची कंबर धरलेली, दुसऱ्याचं बीपी, तिसऱ्याचं नुकतंच हर्नियाचं ऑपरेशन. त्यामुळे चर्चा अत्यंत पुरोगामी झाली. "खांदा म्हंजे काय?" गावकीचे प्रमुख गावकर म्हणाले. "देवाच्या खाली असतो नि वरखाली होतो, तो खांदा." याहून चांगली व्याख्या कुणाला सुचली नाही. चार चाकांवर चार फुगे, केबिनमध्ये चार बटणं, ज्याचा खांदा त्याचं बटण. फोनच्या स्पीकरवर असलेल्या संदेशने एक अट घातली: ज्याचा फुगा बसला त्याचा मान गेला. फुगे बसतात, म्हणजे त्यांतली हवा जाते, हे संदेश आणि जमालकडून ऐकलेला केरू सोडून कुणाला माहीत नव्हतं, म्हणून अट एकमताने मंजूर झाली.

पहिल्या चाचणीत बॅटरीवरचा पंप दोन उड्यांत धापा टाकू लागला. "एवढ्यात देव काय नाचेल?" जमाल म्हणाला. मग त्याने एका भंगार मोटारीच्या एसीचा कॉम्प्रेसर काढला, इंजिनाच्या बाजूला पट्टी ठोकून बसवला, पुलीवरून पट्टा चढवला आणि हवेची टाकी सीटमागे बांधली. "आता इंजिन फिरेल तवर हवा."

"नि पट्टा तुटला तं?"

"टाकीत असेल तेवढीच. बटण जपून दाबा, काका."

शिमग्याच्या दिवशी सहाणेसमोर, म्हणजे पालखी बसते त्या ओट्यासमोर, पिकअप उभी राहिली. हौद्यात पालखी, केबिनमध्ये चार मानकरी आणि स्टिअरिंगवर जमाल. दार बाहेरून दोरीने बांधावं लागलं. ढोल वाजला आणि पालखी जी नाचली! कंबर धरलेला मानकरी तर इतका रंगात आला की त्याने बटणावरचं बोटच काढलं नाही. बाकी दोघांनी त्याच्याहून आपला मान कमी दिसू नये म्हणून अंगठे लावले. एकटा केरू गुडघ्यांनी शिकवलेल्या काटकसरीने तालावर एकदा फुगा भरी, की थांबे.

जमाल ओरडला, "अरे, सावकाश!" तेवढ्यात पट्टा तुटला.

दाबून धरलेल्या बटणांमुळे तीन फुग्यांतली हवा उलटी निसटली आणि ते फुस्सकन बसले. बटण सोडलेल्या केरूचा तेवढा वर राहिला. पालखी मागच्या उजव्या कोपऱ्याकडे कलली आणि देव थेट तिथे उभ्या असलेल्या, डोंबिवलीहून मुद्दाम आलेल्या संदेशकडे पाहू लागला.

गावकरांनी अट वाचून दाखवली. तिघांचा मान गेला. आता घरोघरी पालखी न्यायची कशी? रूढी अशी, की निदान एक मानकरी शाबूत असला तर बाकीचे खांदे उसने चालतात. एकही नसला तर देव जागचा हलत नाही. सगळा गाव केरूकडे पाहू लागला.

"टाकी संपली," जमाल खाली वाकून म्हणाला. "हा फुगा पण सुटतोय. हळूहळू, पण सुटतोय."

"मी उतरू?" केरूने विचारलं.

"नको!" अख्खा गाव ओरडला.

कुणीतरी सायकलचा पंप आणला. जमालने त्याची नळी फुग्याच्या नोझलला जोडली. पंप मारायला दमाचा माणूस हवा होता, आणि जिम लावलेला गावात एकच होता. उसन्या खांद्यांवरून पालखी ढोलाच्या मागे पहिल्या घराकडे निघाली. संदेश पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसून काकाचा खांदा वर ठेवत राहिला.

"किती घरं राहिली?" त्याने घाम पुसत विचारलं.

"आत्ता तं निघाली," केरू खिडकीतून म्हणाला. "तू थांबू नको. गुडघे दुखले तं सांग हां, माज्याकडं तेल हाय."