वापरलेलं पाणी

आता सांगली म्हणजे काही विलायत नव्हे. जतच्या पलीकडच्या उजाड माळावरून भल्या सकाळी निघालं, आणि कोळशावर चालणारी ती लढाईच्या दिवसांतली मोटार वाटेत बसली नाही, तर दिवस मावळायच्या आत माणूस सांगलीत पोचतं. पण साळूबाईच्या लेखी ते सातासमुद्रापलीकडचंच होतं. संस्थान दुसरं, राजा दुसरा, आणि माणसं कशी, तर आमटीत गूळ घालणारी. सासरी निम्मा गाव कानडीत बोलायचा, ते तिला कधी परकं वाटलं नाही. इथलं हे स्वच्छ, नाकातलं मराठी ऐकलं की मात्र तिचं तोंड आपोआप मिटायचं.

तिला इथं आणून सोडलं तिच्या बापानं. जोतिबा पलटणीतला पेन्शनर. पहिल्या लढाईत बसऱ्याला मांडीत गोळी लागून दवाखान्यात पडला होता आणि एका गोऱ्या नर्सनं त्याला वाचवलं होतं. हे तो ऐकेल त्याला सांगायचा, न ऐकेल त्यालाही सांगायचा. या लढाईत त्याचा जावई गेला. सयाजी नाव, ब्रह्मदेशात गेला. सुतक फिटलं, पाऊस न पडताच पावसाळा सरला, आणि भावकी बसली. म्हणाली, पोरगी किती दिवस अशी ठेवायची, भाऊसोशी पाट लावून टाका. भाऊसोची बायको बाळंतपणात गेलेली, पदरात पोरं, वयानं जरा थोराड. पण विहिरीला बारमाही पाणी. त्या मुलखात एवढं म्हटलं की पुढं बोलायला काही राहत नाही.

जोतिबा एकटाच आडवा आला. म्हणाला, "सांगलीच्या बायकांच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकिवत्यात. महिनाभर बघू. त्यास्नी पटली तर ऱ्हाईल, न्हाई पटली तर लावा पाट. मग मी काय बोलत न्हाई."

साळूला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिनं काय सांगितलं असतं, देव जाणे. सांगली आणि भाऊसो, दोन्ही तिला सारखंच होतं. नवरा गेल्यापासून तिच्यात काही हलतच नव्हतं. भूक लागली की खायची, सांगितलं की उठायची. रडली नव्हती. बायका गळ्यात पडून रडून गेल्या, ही आपली त्यांच्या पाठीवर हात फिरवीत बसली.

वसतिगृहात तिच्या खोलीत विनोदिनी म्हणून वाईची एक मुलगी होती. बोलघेवडी, झोपेतसुद्धा गप्प नसायची. पहिल्या सकाळी साळू अंगणातल्या नळापुढं उकिडवी बसून राहिली. नळ नीट बंद झाला नव्हता आणि खाली पाण्याचा ओघळ वाहत होता. साळूनं त्याखाली आपला तांब्या धरला. तो भरला, मग घंगाळ धरलं.

"अगं, काय करतेयस?" विनोदिनी हसत म्हणाली. "पिरगाळ की ती चावी!"

साळूनं चावी पिरगाळली. भरलेलं घंगाळ मात्र ती खोलीत घेऊन गेली आणि दिवसभर पलंगाखाली ठेवलं. विनोदिनीनं ते सगळ्यांना सांगितलं, मुली हसल्या. वाईट नव्हत्या बिचाऱ्या, हसायचं वयच होतं. साळूला राग आला नाही आणि लाजही वाटली नाही. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, एवढंच तिच्या ध्यानात आलं.

शिकवणाऱ्या गोदावरीबाई म्हणजे करडं प्रकरण. पांढरं नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट, आवाज कधी चढायचा नाही आणि म्हणूनच मुलींची पाचावर धारण बसायची. त्या जंतूंविषयी सांगायच्या. डोळ्याला न दिसणारे, हाताला, फडक्याला, पाण्याला चिकटून येणारे. साळू गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण ऐकलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसायचं. जंतू तिनं गपगुमान पाठ केले. खरे मानले का? ते कुणी विचारलं नाही.

हाताला मात्र ती वाघ होती. चादर अशी घालायची की सुरकुती शोधून सापडू नये. जड बाळंतिणीला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायची, तर तिला कळायचंही नाही. गोदावरीबाई दारातून बघायच्या आणि काही न बोलता पुढं जायच्या. हेच त्यांचं कौतुक, असं विनोदिनीचं म्हणणं.

एके दिवशी त्या आत आल्या आणि चक्क बोलल्या. "फरशी छान निघाली आहे. कुणी पुसली?"

"मी, बाई."

"बादली तर भरलेली तशीच दिसते आहे. पाणी कुठलं घेतलंस?"

साळूनं सरळ बोट दाखवलं. कोपऱ्यातल्या खाटेवर तापाची बाळंतीण होती. सकाळी तिचं अंग पुसून काढलं होतं, ते पाणी साळूनं घमेल्यात जपून ठेवलं होतं. त्यातच फडकं पिळून तिनं अख्खी ओळ पुसली होती, परवाच बाळंत झालेल्या पोरीच्या खाटेखालीसुद्धा. काही चुकलंय हे तिच्या गावीही नव्हतं. तिच्या सासरी सून पारखायची ती यावरच, की एका घागरीत किती कामं उरकते. न्हाणीच्या दगडाखाली भांडं ठेवायचं. अंगावरून गेलेलं पाणी धुण्याला, धुण्याचं सारवायला, उरलं तर म्हशीपुढं. वापरलेलं पाणी फेकणारीला तिथं बेअकली म्हणतात, आणि तिच्या आईबापाचा उद्धार करतात तो वेगळा.

गोदावरीबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या ओरडल्या नाहीत. सगळ्या खाटा हलवून, फरशी फिनेलनं दोनदा धुवून घेतली, आणि मग साळूला मोरीपाशी नेलं.

"जंतूंचं सगळं तुला तोंडपाठ आहे. मग असं का केलंस?"

"वाया जातंय म्हून."

"ती पोरगी तापानं फणफणली असती तर? मेली असती तर?"

बाईंनी नळाखाली बादली लावली. ती काठोकाठ भरली तशी म्हणाल्या, "हिच्यात आता हात बुडव. आणि ओत मोरीत."

साळूनं हात बुडवले. बादली उचलली, आणि तिथंच थांबली. पाणी नितळ होतं, त्यात तळ दिसत होता. मनगटं ऐकेनात.

सयाजी गेल्याची तार आली तो दिवस तिच्यापुढं आला. बायकांनी तिला अंगणात बसवलं, बांगड्या फोडल्या, आणि डोक्यावर अख्खी घागर रिकामी केली. कोरड्या मातीनं ते पाणी बघता बघता पिऊन टाकलं. त्या वेळी साळूच्या मनात नवरा आला नव्हता. मनात एवढंच आलं होतं, केवढं हे पाणी वाया गेलं. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. आपण बाई आहोत की दगड, हा प्रश्न त्या दिवसापासून तिच्या उरावर बसला होता.

"तुला जमणार नसेल तर आजच सांग," गोदावरीबाई म्हणाल्या. "मी तुझ्या वडलांना निरोप धाडते. हाताची चांगली आहेस म्हणून इतकं बोलले. पण मला इथं बायका मरायला नको आहेत."

साळूनं बादली कलंडली. मोरीत गळगळ झाली आणि सगळं गेलं. ती वाट बघत राहिली, की आता छातीत काहीतरी तुटेल, निदान कळ येईल. काही झालं नाही. बाई म्हणाल्या, "परत भर." तिनं परत भरली, परत ओतली. त्यानंतर मनगटं अडली नाहीत.

पुढचे दिवस तसेच गेले. भरायचं, धुवायचं, ओतायचं. नळापुढं बसणं सुटलं, पलंगाखालचं घंगाळ गेलं. विनोदिनीची थट्टाही बंद झाली, थट्टा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. महिना भरला तेव्हा गोदावरीबाईंनी सगळ्यांसमोर एवढंच सांगितलं, की साळूबाईला ठेवून घेतलं आहे.

त्याच आठवड्यात जोतिबा आला. पायातल्या वहाणा हातात घेऊन, पटक्यावरचा धुरळा झटकत, आवारातल्या लिंबाखाली बसला. साळूनं पाया पडून विचारलं, "आबा, पानी आणू?"

"आन. लय घसा सुकलाय."

तिनं पेला नळाखाली धरून आत खळबळून घेतला, ते पाणी फेकलं, दुसरं भरलं. जोतिबा निम्मा पेला प्याला आणि उरलेला त्यानं सवयीनं शेजारी जपून ठेवला. बोलता बोलता साळूनं तो उचलला, नळाखालच्या मोरीत उपडा केला, परत खळबळला आणि पालथा घातला. बोलणं मध्ये थांबलंसुद्धा नाही. तिच्या धाकट्या चुलत्याचं कसं चाललंय, तेच ती विचारत होती.

जोतिबाचं मात्र बोलणं थांबलं. तो त्या मोरीकडं बघत राहिला.

"आबा?"

"भाऊसो वाट बघतोय," तो म्हणाला. "भावकीनं मला इचारून ये म्हून धाडलंय. पर आता इचारायचं न्हाई ऱ्हायलं. तू परत आलीस तरी तितं नांदायची न्हाईस. चार दिसांत हाकलून देतील तुला."

"बाईंनी ठेवून घेतलंय मला."

"व्हय. मलाच पायजे होतं की ह्ये." त्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. बसऱ्याच्या गोष्टी सांगणारा तो माणूस, एकाएकी म्हातारा दिसायला लागला. "तुझ्या मनासारखं झालं न्हवं, पोरी?"

बाप रडतोय, आणि लेकीनं त्याच्या गळ्यात पडून रडायचं असतं, हे साळूला माहीत होतं. तिनं फार मनापासून प्रयत्न केला. रडू आलं नाही. तिला बापाची दया आली, आणि स्वतःची भीती वाटली.

"मनाचं मला ठाव न्हाई, आबा," ती म्हणाली. "हात तेवढं हितलं झालं."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती उठली, ती आधी नळावर हात धुवायला गेली.