गंजावर चढवलेला रंग

मित्रांनो, मी उरण-पनवेलकडच्या गव्हाण गावची एक जुनी जीप आहे. माझी गोष्ट ऐकताना नाक मुरडावंसं वाटलं, तर खुशाल मुरडा. मला स्वतःलाही तिची किळस येते.

माझी मालकीण सुनंदाबाई. नवरा गेल्यावर त्यांनी माझं स्टिअरिंग हाती घेतलं आणि करंजा बंदरावरून मासळीच्या पाट्या पनवेलच्या बाजारात नेऊ लागल्या. बाई जीप चालवते, म्हणून लोक नाक्यावर थांबून बघायचे. मला त्याचा अभिमान वाटे. पाट्यांतून गळणारं खारं पाणी माझ्या पत्र्याखाली झिरपे, पण बाई मला रोज धुवायच्या.

पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले, धंदा बंद झाला आणि मी घरामागे उभी राहिले. मग मला कोण धुणार? माझ्या सीटमध्ये उंदीर व्याले. काही पिल्लं तिथेच मेली आणि कुजली. माझ्या चेसिसला, म्हणजे सांगाड्याला, गंजाचे पापुद्रे सुटले. मलाच माझं अंग नकोसं झालं.

अशात बाईंच्या लेकीचं, दिपिकाचं लग्न ठरलं. आईच्या जीपमधूनच मांडवात जाणार, असं तिनं सांगून टाकलं. तिचा भाऊ निकेश मला ओढत पनवेलला गुरुदत्तच्या गॅरेजात घेऊन गेला.

गुरुदत्तनं खाली वाकून पाहिलं. "हिला आधी पूर्ण खोलायला लागेल. सांगाडा वाळूच्या माऱ्यानं साफ करायचा, पुन्हा गंजू नये म्हणून भट्टीत पावडर कोटिंग करायचं आणि मग बॉडीचा रंग. लग्नापर्यंत नाही होणार."

"आधी रंग मार," निकेश म्हणाला. "कोटिंग लग्नानंतर बघू. खाली कोण बघायला बसलंय?"

गुरुदत्तनं मान डोलावली. सगळं कळत असून डोलावली, याचाच मला जास्त तिटकारा आला.

गंजाच्या भोकांत पुट्टी कोंबली गेली. खरजेवर मेकअप थापावा तसा माझ्यावर हिरवा रंग चढला. लोक येऊन माझ्यासोबत फोटो काढू लागले. आत मात्र गंज मला पोखरतच होता.

लग्नाच्या आठवड्यात सुनंदाबाई दुखऱ्या गुडघ्यांनीच मला चालवून बघायला आल्या; निकेश शेजारी बसला. कर्नाळ्याच्या वाटेवर एका खड्ड्यात पुढच्या चाकाजवळ माझा सांगाडा मोडला. मी एका बाजूला कलले. बाईंचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं, तरी त्यांनी मला कशीबशी कडेला घेतलं. मग उतरून, पदरानं जखम दाबत, त्यांनी माझ्या पोटाखाली हात घातला. मूठभर गंज हातात आला.

"निकेश, या गाडीत तू भैनीला बसवनार व्हतास?"

"आई, वेळ नव्हता."

"मंग लग्नाला दुसरी गाडी आन. हिला खोला."

मला ओढून गॅरेजात आणल्यावर निकेशनं गुरुदत्तला हळूच विचारलं, "वरचा रंग ठेवून खालचं कोटिंग होईल का?"

"नाही," गुरुदत्त म्हणाला. "खोलताना रंग खरवडला जाईल, उरलेला वाळूनं जाईल. आणि भट्टीच्या आचेत पुट्टी टिकत नाही."

तो हिरवा रंग सोलून काढला. पुट्टीची ढेकळं पडली, तेव्हा खालचा काळा चिखल बघून निकेशनं तोंड फिरवलं. बाईंनी तो खरवडायला त्याच्याच हातात तारेचा ब्रश दिला. दिपिका दुसऱ्या गाडीतून मांडवात गेली. त्या दिवशी मी उघडी, सुटी, तुकड्यांत पडून होते. पण वाळूनं घासलेला माझा सांगाडा स्वच्छ होता. मग मोडलेल्या जागी नवं लोखंड जोडलं आणि तो भट्टीत भाजून निघाला. नंतर पत्र्याला ठिगळं जोडली, पुट्टी भरली, रंग दिला आणि सगळ्यात शेवटी मला पुन्हा उभं केलं.

दिपिका माहेरी आली, तेव्हा तिनं मला उरणच्या रस्त्यावर चालवलं. सुनंदाबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावरचा व्रण अजून लाल होता. ताज्या रंगाच्या वासाची मला आजही किळस येते, ती त्या व्रणामुळे.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया असेल, तर आधी तिची घाण स्वतःच्या हातांनी काढा. तेवढं जमत नसेल, तर तिला तशीच गंजू द्या. निदान तिच्यावर भरवसा ठेवून कुणी आत बसणार नाही.